ओटीवरच्या समुद्राचा जमाखर्च

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात, ऑक्टोबर २०२५ मध्ये केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "यंदा तुम्ही बोला" असे सांगितले तेव्हा मी लोणच्याच्या मिठावर बोलेन असे म्हटले होते. त्यांनी ते चालू दिले नाही. आमच्या ओटीवर समुद्राच्या पाण्याची जी काचेची टाकी आहे तिच्यावरच मी बोलावे, आणि तिला खर्च किती आला तो वही समोर ठेवून खरा खरा सांगावा, असा त्यांचा आग्रह पडला. कारण टाकी पाहून गेलेल्या तिघीचौघींच्या घरी आता मुलांनी तोच हट्ट धरला आहे, आणि "काकींनी थोडक्यात केली" असे ती मुले सांगत सुटली आहेत. थोडक्यात झाली हे खरे नाही. म्हणून वही बरोबर आणली आहे.

आधी सासूबाईंचा प्रश्न सांगते, कारण तो तुमच्याही मनात आला असेल. त्या म्हणाल्या, "समुद्र घरापासून दहा मिनिटांवर आहे, तो घरात कशाला आणायचा?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पण मी जन्मापासून रत्नागिरीत आहे, आठवड्यातून चार दिवस घरात मासळी शिजते, आणि एवढ्या वर्षांत मासा म्हटला की तो टोपलीतलाच डोळ्यांसमोर येई. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आपण सर्वांनी पाहिले आहे. तिथे धाकटीला घेऊन गेले असता एक मासा काचेशी येऊन आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. घरी येताना धाकटीपेक्षा मीच जास्त गप्प होते. पैसे माझेच होते, दोन हंगामांच्या आंबापोळीचे. ह्यांना मी सांगितले, सहा हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही.

आता पहिला खर्च वाचते. हा २०२४ च्या श्रावणातला आहे. काचेची टाकी, दोन फूट लांब, एक फूट रुंद, सवा फूट उंच, गावातल्या काचवाल्याकडून करून घेतली, रुपये १,९००. पाणी फिरवण्याचा पंप ७५०. हवेचा पंप आणि स्पंजची गाळणी मिळून ४५०. दिवा ३००. तापमापक ८०. शिंपल्यांची वाळू आठ किलो, ९६०. पाण्यासाठी नवे कॅन दोन, ५००, आणि रिक्षा १२०. मासे चार, १,३००. एकूण ६,३६०. म्हणजे सहा हजारांचा शब्द पहिल्याच पानावर मोडला, पण तीनशेसाठच रुपयांनी, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

या यादीत काय नाही ते बघा. पाणी मोजण्याचे एकही साधन नाही. मी ती साधने दुकानात पाहिली होती, किंमत विचारली होती आणि "एवढ्याशा बाटल्यांना बाविसशे?" म्हणून ठेवून दिली होती. काटकसर म्हणून जी गोष्ट मी गाळली तीच नेमकी गाळायची नव्हती. पण हे मला कळायला चार जीव गेले.

ते असे झाले. मुंबईला भावाकडे गेले होते, तिथल्या एका दुकानदाराने सांगितले, "समुद्राचे पाणी भरा, दोन दिवस पंप फिरवा, तिसऱ्या दिवशी मासे सोडा." पाणी तर फुकट. भाट्याच्या पुलाच्या अलीकडे रिक्षा थांबवून मी आणि धाकटीने कॅन भरले. श्रावणातले पाणी, वरून नदीचा लोंढा चालू, पाणी चहासारखे दिसत होते, निवळेल म्हटले. तीन निळे डॅमसेल मासे आणि एक क्लाऊन, ज्याला मुले निमो म्हणतात, असे चार मासे पिशवीतून रात्रीच्या कोकण रेल्वेने आणले आणि तिसऱ्या दिवशी सोडले.

दुसऱ्या सकाळी एक डॅमसेल तळाला पडला होता. उरलेले दोघे एकमेकांचे पंख कुरतडत होते. पाचव्या दिवसापर्यंत तेही गेले. क्लाऊन सहाव्या दिवशी दुपारपर्यंत होता. पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडझाप करीत होता, आणि मी समोर पाटावर बसून होते. काय करावे ते मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी घरात बांगड्याचे तिखले होते. मी जेवले नाही तेव्हा हे हसून म्हणाले, "मासे खाणाऱ्या घरात मासा मेल्याचे सुतक कसले?" मला त्यांचा रागही आला आणि त्यांचे बोलणे बरोबर आहे असेही वाटले. पण बाजारातला बांगडा मी मारलेला नसतो. हा मात्र माझ्या अडाणीपणाने मेला होता.

टाकी मी माळ्यावर ठेवायला निघाले होते. पण शेजारच्या वहिनींची भाची शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते, ती रविवारी आली होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "काकी, पाणी कुठलं आणलंत?" आणि दुसरा, "किती दिवस ठेवलंत?" बाकी तिने काही विचारलेच नाही. तिच्या पिशवीत एक लहान दुर्बिणीसारखी नळी होती. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवून उजेडाकडे पाहायचे, की आत खारटपणाचा आकडा दिसतो. खुल्या समुद्राच्या पाण्याचा आकडा १.०२५ च्या आसपास असतो, गोड्या पाण्याचा १.०००. माझ्या टाकीचा होता १.०१२. म्हणजे मी समुद्र म्हणून जे आणले होते त्यात निम्मी नदीच होती.

पण तिच्या म्हणण्याप्रमाणे खारटपणाइतकाच दुसरा घात होता, तो डोळ्यांना दिसत नाही. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा आणि उरलेल्या खाण्याचा अमोनिया होतो, आणि तो विषारी असतो. समुद्राचे पाणी थोडे क्षाराकडे झुकलेले असते, त्यामुळे अमोनिया त्यात जास्तच जहाल होतो. खऱ्या समुद्रात तो पसरून जातो. टाकीत तो मुरतो. मग टाकीतले मासे जगतात कसे? तर दगडांच्या आणि वाळूच्या कणाकणावर दोन प्रकारचे सूक्ष्म जिवाणू वस्ती करतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात मासा सोसू शकतो आणि जे आपण थोडे थोडे पाणी बदलून काढू शकतो. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. माझी टाकी होती तीन दिवसांची.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हे सगळे मला पहिल्या खेपेला कळले नाही. मग ती मुलगी म्हणाली, "काकी, दुधात विरजण नसताना दही मागताय तुम्ही." तेव्हा लख्ख कळले. दुकानदाराने मला दूध विकले होते आणि दोन दिवसांनी दही होईल म्हणून सांगितले होते. विरजणाचे नाव काढले नव्हते, कारण मासे मेले की मी पुन्हा त्याच्याकडेच जाणार होते.

आता दुसरे पान. या वेळी आधी बाटल्या घेतल्या. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजण्याची रसायने २,२००. खारटपणाची ती नळी, रिफ्रॅक्टोमीटर, १,४५०. तरंगणारा काचेचा हायड्रोमीटर स्वस्त मिळतो. नवीन असताना आणि नीट वाचता आला तर तोही चालतो. मला चष्म्यामुळे तो वाचता येईना.

दगडांची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिथे पैसे वाचतात आणि तिथेच माणूस चुकतोही. या टाकीत दगड शोभेचे नसतात, जिवाणूंची वस्ती त्यांवरच होते, म्हणून ते सच्छिद्र हवेत. आमच्या परड्यात जांभा पडला आहे, भोकाभोकांचा आणि फुकटचा. पहिल्या वेळी मी त्याचे दोन तुकडे घातलेही होते. पण जांभ्यात लोह भरपूर, तो या पाण्यात नको. आपल्या मांडवीची काळी वाळूही त्याच कारणाने नको. दुकानात "जिवंत दगड" म्हणून जे मिळते ते पुष्कळदा समुद्रातून फोडून आणलेले प्रवाळ असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे घातले गेले. ते काढणे, विकणे, घरात बाळगणे हा गुन्हा आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. आपल्याकडे मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईत किनारी रस्ता करताना २०२० साली वरळी आणि हाजीअलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले, तेव्हा घरच्या टाकीसाठी ते कोणी देऊ करील तर हात जोडावेत.

मग मी दगड घरीच केले. कालवांची वाळलेली शिंपले उखळात कुटली, त्यांत सिमेंट आणि जाडे मीठ मिसळले, ओल्या वाळूत खळगे करून त्यांत ते ओतले. पुढे पाण्यात ठेवले की मीठ विरघळून जाते आणि दगडाला भोके राहतात. सगळा खर्च दोनशे रुपये. मात्र सिमेंटचा क्षार निघून जाईपर्यंत ते दगड टाकीत घालायचे नाहीत. मी ते परसातल्या टपात गोड्या पाण्यात दीड महिना भिजत ठेवले, पाणी दोन-तीन दिवसांनी बदलले, आणि त्या मुलीने तिच्या कागदी पट्टीने तपासून "आता घाला" म्हटल्यावरच घातले. सासूबाई टपाकडे पाहून रोज विचारीत, "शिजले का गं दगड?"

तोवर दिवाळी झाली होती आणि पाणीही चांगले झाले होते. या वेळी भाट्याला गेलेच नाही. खाडीपासून आणि होड्यांच्या बंदरापासून दूर, पांढऱ्या समुद्राच्या बाजूला, पूर्ण भरतीच्या वेळी पाणी घेतले. तीन खेपा झाल्या, रिक्षाचे ३६०. चौपदरी कापडातून गाळले, झाकण लावून आठ दिवस अंधारात ठेवले, गाळ खाली बसू दिला, मग मोजले. आकडा १.०२४. कॅन नवेच हवेत, तेलाचे किंवा साबणाचे जुने चालत नाहीत. आणि बायांनो, तांब्यापितळेचे भांडे या पाण्याला लावू नका. थोडेसे तांबे उतरले तरी त्यातले बारीक जीव मरतात.

समुद्र जवळ नाही त्यांनी काय करावे, हे पुण्याच्या नणंदेने फोनवर विचारले होते. घरातले मीठ नुसते घालून चालणार नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे पुष्कळ काही असते. त्यासाठी तयार सागरी मीठ मिळते, लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम घालावे लागते. आमच्या टाकीत दगडवाळू जाऊन पाणी राहते पंचावन्न लिटर, त्याला दोन किलोच्या आत मीठ लागते. मी पावसाळ्यासाठी आणले ते किलोला चारशे पडले. म्हणजे पहिल्या भरण्याचा खर्च आठशेच्या आत. माझ्या कॅन आणि रिक्षांचे पैसे मोजले तर ९८० होतात. फुकटचा समुद्र विकतच्या मिठाहून महाग पडला, हे मी आमच्या ह्यांना अजून सांगितलेले नाही, आज भाषणातच कळेल. कॅन मात्र राहिले, त्यामुळे पुढे फरक पडला.

टाकी भरली की तिचे वजन ऐंशी-पंच्याऐंशी किलो होते. टीपॉयवर, शिवणयंत्रावर किंवा लाकडी फळीवर ती ठेवू नये. आमच्या ओटीला चिऱ्यांचा कट्टा आहे, त्याच्यावर ठेवली, म्हणून बैठकीचा खर्च लागला नाही. तुमच्याकडे नसेल तर तो धरा.

मग विरजण. त्याला खर्च काहीच नाही. एक कोळंबी सालासकट जाळीच्या पिशवीत घालून टाकीत टांगली. ती कुजते, तिचा अमोनिया होतो, आणि जिवाणूंना खाणे मिळते. पूर्वी दुकानदार यासाठी तेच निळे डॅमसेल घालीत, अजूनही काही घालतात. ते चिवट असतात आणि स्वस्त मिळतात, म्हणून त्यांच्या नशिबी हे येते. कोळंबी असताना जिवंत माशाला अमोनियात घालण्याची काही गरज नाही. शिवाय वाचलाच तर तो इतका भांडखोर की नंतर येणाऱ्याला नांदू देत नाही.

रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की नळीत पाणी घेऊन थेंब घालायचे आणि रंग पाहायचा. अमोनिया नसेल तर पाणी पिवळे राहते, असेल तर हिरवे होत जाते. पाचव्या दिवशी ते गर्द हिरवे झाले तेव्हा मी कोळंबी काढून टाकली. सोळाव्या दिवशी नायट्राइट दिसू लागले. मग दिवसेंदिवस काही होईना. टाकीत नुसते पाणी, दगड आणि फिरणारा पंप. आलेगेले विचारीत, "मासे कुठे आहेत?" मुले कंटाळली. एक शेजारीण म्हणाली, "पाण्याची पूजा चाललीय का?" मला त्या दिवसांत खरोखर वाटे की दोन मासे आणून सोडावेत आणि ही चेष्टा संपवावी. वहीत त्या महिन्यात खर्चाचे पान कोरे आहे. अडतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आले. मी दोनदा तपासले. मग नायट्रेट साठले होते म्हणून निम्मे पाणी बदलले आणि भावाला फोन केला.

मासे कोणते घ्यावेत? एवढ्याशा टाकीत दोन क्लाऊन पुरे. समुद्रातून पकडलेले न घेता माणसाच्या देखरेखीखाली पैदा झालेले घ्या. केरळात मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशातच क्लाऊन माशांची पैदास करण्याची पद्धत बसवली आहे, त्यामुळे असे मासे मिळतात. ते टाकीतच वाढलेले असतात, दाण्याला सरावलेले असतात, आणि जास्त तग धरतात. मला दोन मासे हजाराला पडले. क्लाऊन समुद्रात समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो हे खरे, पण टाकीत त्याला त्याची जरूर नसते. समुद्रफूल सांभाळायला भारी दिवा लागतो आणि मुरलेली टाकी लागते, तेव्हा तो मोह आवरावा. भावाने थर्मोकोलच्या पेटीत घालून २०२५ च्या संक्रांतीनंतर मासे आणले. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवून आणि टाकीतले पाणी थोडे थोडे तिच्यात घालून तासाभराने सोडले.

या माशांची एक गंमत तुम्हाला सांगितलीच पाहिजे. क्लाऊन सगळे जन्मतः नरच असतात. जो सर्वांत मोठा आणि कर्ता होतो त्याची मादी होते, आणि घर तिच्या हुकुमाने चालते. ती मेली तर तिच्या नवऱ्याचीच मादी होते. आमच्यातली एक आता दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठी आहे आणि त्याला कोपऱ्यात दामटते. आमचे हे ती दिसली की वर्तमानपत्र वर धरतात.

आता रोजचा त्रास आणि महिन्याचा खर्च. हे कोणी विचारीत नाही, आणि खरे विचारायचे ते हेच आहे.

थंड देशांत या टाकीला पाणी तापवायचे यंत्र लागते. आपल्याला उलटे. या माशांना पाणी पंचवीस ते सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत बरे. एप्रिलात माझा तापमापक एकतीस दाखवू लागला. पाणी थंड करण्याचे यंत्र मिळते, पण त्याची किंमत ऐकून मी फोन ठेवला. माझी सगळी टाकी त्याच्या निम्म्यात झाली होती. त्याऐवजी लहान पंखा ३५० रुपयांना घेऊन पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडला. माठ जसा गार होतो तसे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. पण मग पाणी उडून जाते, उन्हाळ्यात रोज पाऊण ते एक लिटर. उडते ते नुसते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून ही तूट गोड्या पाण्यानेच भरायची. मी सुरुवातीला दोन दिवस समुद्राचे पाणी घालून भरली आणि आकडा वर वर जाऊ लागला. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे, म्हणून पिण्याच्या पाण्याचा जार आणते, चाळीस रुपये, तो महिनाभर पुरतो.

पंधरा दिवसांनी दहा लिटर पाणी बदलते, त्याची महिन्यात एक खेप, १२० रुपये. पावसाळ्यात समुद्राचे पाणी घेत नाही, तेव्हा मिठाचे २८० होतात. विजेचे साधारण नव्वद. खाणे ऐंशी. मोजण्याची रसायने वर्षाने बदलावी लागतात, ती बारा महिन्यांत वाटली तर एकशेऐंशी. एकूण महिन्याला पाचशेदहा रुपये. वर्षाचे सहा हजारांवर. म्हणजे मी ज्या सहा हजारांत टाकी "होईल" म्हणाले होते तेवढे तिला नुसते दरसाल पोसायला लागतात.

खाण्याचे एक सांगायचे राहिले. दोन माशांना चिमटीत राहतील तितके दाणे, दिवसातून दोनदा, बस. पण आपल्याकडे पाहुणा आला की त्याला वाटते, मासे उपाशी आहेत. ते काचेशी येऊन नाचतात ना! गणपतीत घरात माणसे होती, कोणी कोणी किती घातले देव जाणे, आणि तिसऱ्या दिवशी पाणी तपासले तर हिरवी झाक. लगेच पाणी बदलले म्हणून निभावले. आता दाण्यांची डबी मी तांदळाच्या डब्यात लपवते.

आणि वीज. जुलैमध्ये वादळात तारा तुटून दहा तास वीज नव्हती. पंप बंद झाला की पाण्यात हवा मिसळत नाही, आणि गरम, खाऱ्या पाण्यात मुळात हवा कमी मावते. धाकटी आणि मी आळीपाळीने प्लॅस्टिकच्या तांब्याने पाणी उचलून वरून ओतत रात्री अडीचपर्यंत बसलो. सासूबाई कंदील घेऊन येऊन बसल्या. "मी ओतते, तुम्ही दोघी जरा पडा," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर चालणारा पंप मागवला, ३८०. तो पहिल्याच यादीत हवा होता.

बेरीज सांगते. पहिले पान ६,३६०. दुसरे पान रसायने, नळी, दगड, रिक्षा, मासे आणि पंखा मिळून ५,५६०. एकूण ११,९२०. बॅटरीचा पंप धरून १२,३००. यातले मेलेल्या माशांचे १,३०० आणि वाया गेलेल्या पाण्याच्या खेपेचे १२० तुम्हाला वाचवता येतील. तशी दहा हजार आठशेऐंशीत तुमची टाकी होईल, मोजायची नळी दोघी-तिघींनी मिळून घेतली तर आणखी कमी. सहा हजारांत होणार नाही. कोणी करून देतो म्हणाला तर त्याला विचारा की पाणी मोजायचे काय, आणि किती दिवस थांबायचे. ज्यांना महिन्याचे पाचशे काढणे जड आहे त्यांनी गोड्या पाण्याचे गप्पी किंवा मॉली ठेवावेत, त्यात कमीपणा नाही. माझ्या हाती आंबापोळीचे पैसे नसते तर मीही तेच केले असते.

ह्यांना मी सहा हजारांचा शब्द दिला होता आणि बारा हजार घातले, हे मी कबूल करते. ते त्यावर काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर ओटीवर खुर्ची ओढून बसतात, दिवा आठ तासांनी बंद करायचा असतो तो नऊ वाजता तेच बंद करतात.

ज्यांना करायचीच आहे त्यांनी आता टाकी आणि दगडांच्या तयारीला लागावे. पाणी दिवाळीनंतर घ्या, तोपर्यंत खाडीचा गढूळपणा जातो. माझ्या टाकीत एक जादा स्पंज टाकून ठेवला आहे, त्यावर वस्ती बसली आहे. दगड भिजून तयार झाले आणि पाणी भरून मोजले की माझ्याकडे या, मी तो विरजण म्हणून देईन. येताना प्लॅस्टिकचा डबा आणा, आणि स्पंज वाटेत सुकू देऊ नका. एका वेळी एकीलाच देता येईल, दुसरीला तीन आठवडे थांबावे लागेल.